प्रॉक्सीच्या वहीपासून सुरुवात करा

मध्य मुंबईतल्या एका मिशन शाळेत मी २३ वर्षं गणित शिकवतेय. आमच्या स्टाफरूममध्ये कॅथलिक आहेत, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहेत, मेथडिस्ट आहेत, हिंदू-मुसलमानही आहेत. सगळे एकाच टेबलावर डबे उघडतात. धर्मावरून किंवा पंथावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. झाली ती सगळी ऑफ तासावरून, म्हणजे आपल्या मोकळ्या तासाला गैरहजर शिक्षकाचा वर्ग घ्यावा लागतो त्यावरून. त्यालाच आम्ही प्रॉक्सी म्हणतो.

सकाळी शिपाई चिठ्ठी घेऊन येतो. "बाई, सही करा." चौथा तास, आठवी क. नेमका तोच तास तुम्ही वह्या तपासायला राखून ठेवलेला असतो. कुणाची लोकल कुर्ल्याला अडकलेली असते, कुणाला बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामाला बोलावलेलं असतं. दोष त्यांचा नसतो, तरी राग त्यांच्यावरच निघतो.

म्हणून स्टाफरूममध्ये एकी हवी असेल, तर सुरुवात शंभर पानी वहीनं करा. चार रकाने आखा: तारीख, कोण गैरहजर, कुठला तास, कुणी घेतला. वही सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये नको, सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवा. महिनाअखेरीला बेरीज मोठ्यानं वाचा. आमच्याकडे पहिल्याच महिन्यात उघड झालं की जवळपास निम्म्या प्रॉक्सी चित्रकलेच्या आणि पीटीच्या सरांच्या माथी आहेत, का, तर "त्यांना कुठे वह्या तपासायच्या असतात!" दोघांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. पीटीच्या सरांना "तुमचं बरंय बाई" असं मीच एकदा ऐकवलं होतं. बेरीज ऐकून मान खाली गेली.

वहीच्या जोडीला एकच नियम: रजा घेणाऱ्यानं शक्यतो आदल्या रात्री कळवायचं आणि सोबत काम पाठवायचं. "सरावसंच ३.२, पहिली पाच उदाहरणं" एवढं पुरतं. हातात काम असलं की प्रॉक्सीवाला निम्मा शांत असतो.

एवढं करूनही कुरबुर होतेच. तिथे बायबलमधल्या मत्तयाच्या १८व्या अध्यायातला क्रम कामाला येतो: आधी दोघांतच बोला, नाही जमलं तर एक-दोघांना सोबत घ्या, मग मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे न्या. आपण नेमकं उलट्या टोकाकडून सुरू करतो. भूगोलाच्या बाईंनी एकदा माझा दहावीचा तास घेतला. चहा संपेपर्यंत मी ते तिघींना सांगून मोकळी झाले. बाईंच्या कानावर ते चौथीकडून गेलं. नंतर कळलं, तो तास सुपरवायझरनीच त्यांना दिला होता, निरोप तेवढा माझ्यापर्यंत पोचला नव्हता. बाई दीड महिना माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून मी असं काही बोलायचं झालं की स्टाफरूम टाळते. शाळा सुटल्यावर स्टेशनपर्यंत सोबत चालते आणि सरळ म्हणते, "कालचं मला लागलंय. काय झालं ते तुमच्याकडूनच ऐकायचंय."

सकाळची दहा मिनिटांची प्रार्थना जरूर ठेवा, पण प्रार्थनाविषय सांगताना जीभ सांभाळा. "अमक्या बाईंसाठी प्रार्थना करू या, त्यांच्या घरी जरा..." म्हणेपर्यंत बातमी जिना उतरलेली असते. आपलं दुःख आपणच सांगावं, दुसऱ्याचं त्याला विचारून. आणि शाळेच्या सूचना प्रार्थनेत देऊ नका. जे सहकारी येत नाहीत, त्यांना सहल पुढे ढकलल्याचं मुलांकडून कळतं. आपण बाहेरचे आहोत, असं माणसाला वाटायला तेवढंही पुरतं.

वर्गणीबद्दल थोडक्यात. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना १८,००० मानधन, तेही तीन वर्षं. त्याच्याकडून निरोपसमारंभाचे पाचशे यादी फिरवून मागू नका. बंद पाकीट फिरवा, त्यावर नाव नको.

शेवटचं काम मे महिन्याच्या सुट्टीआधीचं. वेळापत्रक लागण्यापूर्वी प्रत्येकाला विचारा, कुणाला काय झेपत नाही. बायबलमध्येच निर्गमच्या १७व्या अध्यायात लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात थकतात तेव्हा अहरोन आणि हूर आधी त्याला बसायला धोंडा आणून देतात, हात धरतात ते नंतर. आमच्या हिंदीच्या बाईंचे गुडघे गेलेत. यंदा त्यांची सातवी अ तळमजल्यावर आली आणि माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर गेला. चढताना मला दम लागतो. दुसऱ्या मजल्यावर थांबते, भूगोलाच्या बाईंच्या वर्गात डोकावते. त्या फळ्याकडून न वळताच म्हणतात, "या, पाणी टेबलावर आहे."