उन्हाळ कांदा चाळीत भरताना या चुका टाळा

ऑगस्ट लागला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडून ठरलेला प्रश्न येतो, "भाऊ, चाळीतून वास येतोय, काय फवारू?" दरवर्षी नवे आवाज असतात आणि प्रश्न तोच. चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. तिच्यात भरलेल्या कांद्यावर फवारायचं औषध नसतं. ऑगस्टमध्ये जो वास येतो, त्याचं कारण मार्च-एप्रिलमध्येच शेतात घडून गेलेलं असतं. मी नाशिकच्या चांदवड तालुक्यात बावीस वर्षं उन्हाळ कांदा, म्हणजे हिवाळ्यात लावून उन्हाळ्यात काढायचा कांदा, करतोय. चांगला वाळवलेला, नीट भरलेला कांदा पाच महिने टिकलेला पाहिलाय, आणि शेजारच्याच चाळीत दीड महिन्यात ढिगाखालून पाणी ठिबकताना पाहिलंय. दोन्ही चाळी सरकारी अनुदानाच्या आणि एकाच मापाच्या होत्या.

लासलगावच्या कांदा बाजारातला लिलाव आपल्या हातात नाही. दिल्लीत कोणत्या रात्री कोणता आदेश निघेल हेही आपल्या हातात नाही. आपल्या हातात टिकणारा कांदा पिकवणं आहे. तेवढंही आपण घाईने घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

उशिराचा युरिया

सगळ्यात जास्त कांदा या एका चुकीने सडतो, म्हणून यावर सविस्तर बोलतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने दोन एकर उन्हाळ कांदा लावला. संक्रांतीनंतरची लागवड, रोप चांगलं, पाणी मुबलक. सत्तर-पंचाहत्तर दिवसांचं पीक झालं तेव्हा तो दुकानात गेला. तिथे त्याला सांगितलं, "अजून एक डोस टाक, साइज येईल." त्याने एकरी एक गोणी युरिया फेकला आणि वर पाणी भरलं. पात काळीभोर झाली, कांदा मुठीत मावेना. गावातले लोक बांधावर येऊन बघून जायचे. मी एकदा एक कांदा उपटून त्याची मान दाबून पाहिली. अंगठ्याएवढी जाड आणि हिरवी. मी म्हणालो, "हा चाळीत घालू नकोस, काढला की सरळ बाजारात ने." त्याला ते पटलं नाही. एप्रिल-मेमध्ये भाव पडलेले असतात आणि असा देखणा माल त्या भावात द्यायला कोणाचंच मन होत नाही. त्याने २४० क्विंटल चाळीत भरला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात त्याचा निरोप आला, "काका, जरा येऊन जा." चाळीच्या तळाच्या पट्ट्यांमधून पिवळसर पाणी गळत होतं, माश्या घोंगावत होत्या. आम्ही पहिला कप्पा फोडला. वरचा थर चांगला दिसत होता. हात आत घातला की बोटं कांद्यात रुतायची. पाच बायका आठ दिवस निवडत होत्या. शेवटी बाजारात गेला तो शंभर क्विंटलच्या जरा वर, तोही डागी म्हणून कमी भावात. बाकीचा ट्रॉलीने नेऊन खड्ड्यात टाकला. त्याची आई ओट्यावर बसून नुसतं बघत होती. तो दिवस मी विसरलेलो नाही, म्हणूनच ही गोष्ट प्रत्येकाला सांगतो.

युरियातलं नत्र (नायट्रोजन) उशिरा मिळालं की झाड पुन्हा पातीला लागतं. कांदा पक्व होऊन मान बारीक व्हायला हवी, तिथे ती जाड आणि ओली राहते. मान म्हणजे कांद्याचा दरवाजा. तो मिटला नाही की सडवणारे जिवाणू तिथूनच आत शिरतात. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस सरळ आहे: नत्राचा साधारण तिसरा हिस्सा लागवडीच्या वेळी, उरलेलं दोन हप्त्यांत ३० आणि ४५ दिवसांनी. साठ दिवसांनंतर नत्र नाही. माझ्याकडे पन्नासाव्या दिवसानंतर युरियाची गोणी शेतावर येतच नाही. घरात असली की हात शिवशिवतो, म्हणून मी ती आणूनच ठेवत नाही. गंधक मात्र मी लागवडीच्या वेळी चुकवत नाही. त्याने टिकवणीत फरक पडतो.

याचंच भावंड म्हणजे शेवटचं पाणी. जमीन कडक झाली की उपटायला त्रास होतो, म्हणून बरेच जण काढणीच्या आदल्या दिवशी पाणी देतात. मजुरांचं काम सोपं होतं आणि कांदा पाणी पिऊन चाळीत जातो. काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी तुटलंच पाहिजे. शेतात इथे-तिथे माना पडायला लागल्या की मी मोटार बंद करतो. निम्म्या माना पडल्या की काढणी. कुदळीने थोडं हलवून काढावं लागलं तरी चालेल.

वाळवणीत मारलेली काट

काढला, पात कापली, ट्रॉलीत भरला, चाळीत ओतला. सगळं दोन दिवसांत. उक्तं काम घेतलेल्या टोळीला पुढचं शेत गाठायचं असतं आणि मालकाला अवकाळीची भीती असते. भीती खोटी नाही. एप्रिलमधली गारपीट मीही भोगली आहे. पण ओला कांदा चाळीत भरून पावसापासून वाचवला असं कोणी म्हणू नये. त्याचं सडणं तिथे आडोशाला सुरू होतं, एवढंच.

काढलेला कांदा शेतात तीन ते पाच दिवस ओळीने पसरा. एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले गेले पाहिजेत, नाहीतर उन्हाने चट्टे पडतात. पात वाळली की पिळ देऊन, मानेपासून अडीच-तीन सेंटिमीटर ठेवून कापा. बुडापासून कापलेला कांदा म्हणजे उघडी जखम. टोळीला सुरुवातीलाच दहा कांदे कापून दाखवा आणि पहिला तासभर तिथेच उभे राहा. मी राहतो. नंतर सावलीत पातळ थर देऊन दहा ते पंधरा दिवस. मान पूर्ण वाळून चिमटीत कुरकुरली पाहिजे, वरचं सालपट सुटून रंग चढला पाहिजे. पावसाचं वातावरण झालं तर ढिगावर प्लास्टिक टाका, पण पाऊस थांबला की लगेच काढा. रात्रभर झाकलेला ढीग सकाळी वाफाळलेला असतो. पावसात भिजलेला माल वेगळा ठेवा आणि आधी विका.

एका ओळीच्या चुका

ढीग पाच फुटांच्या वर नेऊ नका. वरच्या वजनाने खालचे दबतात आणि मधली हवा कोंडते.

कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आसपास ठेवा.

चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर आणि खालून हवा खेळणारा असावा. सिमेंटच्या ओट्यावर ओतलेला कांदा खालून घाम धरतो.

एकपाखी (एका रांगेची) चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी (दोन रांगांची) पूर्व-पश्चिम. जागा अडचणीची म्हणून दिशा बदलली की ते आयुष्यभर सोसावं लागतं.

पत्रा असेल तर त्यावर उसाचं पाचट टाका.

जोडकांदा, डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला) कांदा आणि चिंगळी (बारीक कांदा) चाळीत घालायची नाही. ती आधी विकायची.

ट्रॉलीतून धडाधड ओतू नका, ढिगावर चढून तुडवू नका. आज लागलेला मार महिन्याने काळा होऊन दिसतो.

चाळीत कसलीही पावडर भुरभुरू नका. तो कांदा कोणाच्या तरी ताटात जाणार आहे.

लाल कांदा दाबून ठेवणं

७ डिसेंबर २०२३ च्या रात्री निर्यातबंदीचा आदेश निघाला आणि ८ तारखेपासून लागू झाला. त्या आधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क बसलं होतं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं होतं, म्हणजे त्याखालच्या दराने निर्यात करायची नाही. डिसेंबरमध्ये आमच्याकडे लाल कांदा, म्हणजे पावसाळ्यात लावलेला, शेतातून निघत होता. लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले, आणि बाजार पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव पार खाली आलेला होता. तो राग खरा होता आणि आजही आहे. पिकवणाऱ्याला एका रात्रीत तोंडावर पाडायचं आणि त्याला ग्राहकहित म्हणायचं, हे मला मान्य नाही.

पण त्या रागात आमच्या पट्ट्यात अनेकांनी एक चूक केली. "बंदी मार्चअखेर उठेल, तोवर ठेवू" म्हणून लाल कांदा चाळीत भरला. माझ्या ओळखीच्या एकाने जवळपास ९० क्विंटल भरला. मी त्याला दोनदा सांगितलं की लाल कांदा ठेवायचा नसतो. त्याच्यात पाणी जास्त, साल पातळ, आणि झोप थोडी. उन्हाळ कांदा काढल्यावर काही महिने निजतो, लाल कांदा महिन्या-दीड महिन्यात जागा होतो आणि कोंब काढतो. तो म्हणाला, "चाळ रिकामीच आहे ना." जानेवारीच्या शेवटी ढिगावर हिरवे कोंब उभे राहिले होते. बंदी काही ३१ मार्चला उठली नाही. पुढे वाढली आणि ४ मे २०२४ ला उठली, तीही ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तोवर त्याच्याकडे विकायला काही उरलेलं नव्हतं.

लाल आणि रांगडा (लाल आणि उन्हाळ यांच्या मधल्या हंगामाचा) कांदा निघाला की विका. भाव कितीही टोचला तरी विका. ठेवायचा तो फक्त उन्हाळ, तोही टिकणाऱ्या वाणाचा: भीमा शक्ती, भीमा किरण, एन-२-४-१, ॲग्रीफाउंड लाइट रेड. बी घरचं असेल तर डेंगळे आणि जोड आलेले कांदे बियाण्याला लावू नका. स्वस्त मिळालं म्हणून कोणाचंही उघडं बी घेणाऱ्याला पुढे चाळीची तक्रार करायचा हक्क नाही, असं मी तोंडावर सांगतो.

सगळी चाळ एका भावावर लावणं

"सप्टेंबरात चार हजार होणार" असं मोबाइलवर वाचून पूर्ण माल धरून ठेवणारे दरवर्षी भेटतात. त्यांनी हिशेब मांडलेला नसतो. समजा मेमध्ये भाव १,२०० रुपये क्विंटल आहे आणि तुम्ही १०० क्विंटल भरला. सप्टेंबरपर्यंत वजन घट आणि सड मिळून ३० टक्के गेला तर ७० क्विंटल उरतो. नुसते तेवढेच पैसे यायला १,७१५ रुपये भाव हवा. निवडणीची मजुरी, गोणी, दुसऱ्यांदा भरणं वेगळंच. त्यात सरकारी निर्णय कुठल्याही बाजूने येतो. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं, आणि ते शुल्क शून्य व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था केंद्राच्या राखीव साठ्यासाठी घेतलेला कांदा कधी बाजारात सोडतील, तेही आपल्याला विचारून ठरत नाही.

माझी सवय अशी: एक हिस्सा काढणीनंतर लगेच विकतो, त्यातून मजुरी आणि उधारी फिटते. दुसरा जुलैत. तिसरा, सगळ्यात चांगला वाळलेला, गणपतीपर्यंत. कधी तिसऱ्या हिश्श्याने साथ दिली, कधी पहिल्याने. पण सावकाराच्या दारात जावं लागलं नाही. भरताना मी प्रत्येक कप्प्याची तारीख आणि वजन खडूने खांबावर लिहितो. हे न करणाऱ्याला आपली घट किती हे कधीच कळत नाही, तो फक्त भावाला दोष देत राहतो.

ई-पीक पाहणीही, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, वेळेत करा. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ मध्ये विकलेल्या लाल कांद्याला राज्याने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत अनुदान दिलं, तेव्हा सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून किती जणांना तलाठ्याकडे आणि बाजार समितीत हेलपाटे पडले ते मी पाहिलंय. बाजाराची हिशेबपट्टीही जपून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता वास आलाच असेल तर

त्याच दिवशी तो कप्पा फोडा. "रविवारी बघू" म्हटलं की शेजारचा कप्पाही जातो. आधी नाकाने आणि हाताने ओळखा. पाणी सुटून घाण वास, मान मऊ: कांदा ओल्या मानेचा भरला गेलाय. निवडून जो कडक आहे तो लगेच बाजारात न्या, पुन्हा भरू नका. सालीखाली काळी पूड, म्हणजे काजळी: मार लागलेला माल आणि कोंडलेली दमट हवा. ढीग हलवून पातळ करा, बाजू मोकळ्या करा, काजळीचे वेगळे काढा. खालच्या थराला मुळ्या फुटल्या असतील तर तळातून ओल येतेय, चाळीखाली साचलेलं पाणी चर काढून वळवा. वरच्या थराला कोंब दिसले तर कांद्याची झोप संपली. आता कितीही भावाची आशा असली तरी आठ दिवसांत तो कप्पा रिकामा करायचा.

पावसाच्या सरी चालू असतील तेव्हा वाऱ्याच्या बाजूला गोणपाट सोडा, उघडीप मिळाली की लगेच वर गुंडाळा. मी हे दिवसातून दोनदा करतो, सकाळी दूध काढून झालं की आणि संध्याकाळी दिवेलागणीला. जाता जाता प्रत्येक कप्प्यात कोपरापर्यंत हात घालतो. आत गरम लागलं तर तो कप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी फोडलेला असतो.