ताकदीची गोळी मागायच्या आधी पिशवी आणा

अमळनेरला बाजाराच्या दिवशी माझ्या मेडिकलवर निम्मी गिऱ्हाइकं "ताकदनी गोयी दे वं माय" म्हणतच येतात. कशाची ताकद विचारलं, तर कुणाचे पाय दुखतात, कुणाला चक्कर येते, कुणाचे केस गळतात. तिघांचं कारण वेगळं, आणि एखाद्याला गोळीच नको असते. म्हणून मी आधी म्हणते, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. फ्रिजवरची, देव्हाऱ्यामागची, सगळी.

ही सवय मला काकूमुळे लागली. तिचे गुडघे दुखायचे, डॉक्टरांनी डी जीवनसत्त्वाची पुडी लिहिली, ६०,००० युनिटची. मीच पुतण्याच्या हाती पाठवली, "आठवड्याला एक" असं तोंडी सांगून. निरोप वाटेतच सांडला. काकू रोज रात्री दुधात घ्यायला लागली, संपल्यावर दुसऱ्या दुकानातून आणवली. दीड महिन्यात मळमळ, बद्धकोष्ठता, रात्रभर तहान. रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं, सलाईन लागलं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्त झालं म्हणून लघवीवाटे निघून जात नाही. बी कॉम्प्लेक्सचं तसं नसतं, त्याने लघवी पिवळीधमक होते आणि माणूस उगाच घाबरतो.

आता मी पुडीच्या पाकिटावर मार्करने "रविवार" लिहून देते.

पिशवी काउंटरवर ओतली की मी एकेक पट्टी उलटी करते. मागच्या आठवड्यात एका आजींची अशीच ओतली. कॅल्शियमच्या गोळीत डी, मल्टिव्हिटॅमिनमध्ये डी, वर पुडी वेगळीच. तीन नावं, माल एकच. तुम्हीही घरी हेच करा, पुढचं मोठं नाव सोडून मागची बारीक अक्षरं वाचा. "कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ" लिहिलेलं असलं तरी त्यातलं खरं कॅल्शियम ५०० मिग्रॅच. ही गोळी जेवणासोबत घ्यायची. डब्यावर "हेल्थ सप्लिमेंट" आणि १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) क्रमांक असेल, तर तो माल कायद्याने अन्नात मोडतो. आजार बरा करतो असा दावा त्याला करता येत नाही, विकणारा काहीही सांगो.

लोहाच्या गोळीचं आपल्याकडे चहाशी वाकडं आहे. चहा आधी-नंतर किमान तासभर नको, लिंबूपाणी चालेल. कॅल्शियम दोन तास लांब ठेवा. थायरॉईडची गोळी घेत असाल तर लोह आणि कॅल्शियम दोन्ही तिच्यापासून चार तास दूर. शौचाला काळं झालं तर बिचकू नका, लोहाने होतं. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लाल गोळी फुकट मिळते, १८० दिवसांची, ६० मिग्रॅ लोहाची. ती कोपऱ्यात टाकून माझ्याकडून महागडं टॉनिक नेऊ नका. (माझा धंदा बुडाला तरी सांगते.) बाकीच्यांनी आधी हिमोग्लोबिन बघावं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यात रक्त कमी असतं, पण लोह कमी असेलच असं नाही, म्हणून ती तपासणी झाल्याशिवाय मी लोह देत नाही.

कळण्याची भाकरी, मेथी, तुरीचं वरण, केळी पोटात जात असतील तर धडधाकट माणसाला मल्टिव्हिटॅमिनची गरज बहुधा पडत नाही. अपवाद बी १२ चा. ते भाजी-भाकरीत नसतं, दूध, दही, अंडी, मांस-मासळीतून येतं. अंडं न खाणारा, दूध बेताचं, त्यात साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू, आणि तळपायाला मुंग्या येतात, तर रक्त तपासायला सांगा. इथे गोळी खरोखर कामाची, कधी इंजेक्शनही लागतं.

केसांच्या गोळ्या खाणाऱ्या पोरींनो, त्यात बायोटिन भरपूर असतं. थायरॉईडचा रिपोर्ट त्याने चुकीचा येऊ शकतो, लॅबमध्ये आधी सांगत जा.

आणि मे महिन्यात, पारा ४४ वर असताना, जेलच्या कॅप्सूल मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. परवाच एकाने डबी उघडून दाखवली, सगळ्या चिकटून एकच लाडू झाला होता. बदलून द्या म्हणत होता.