स्टार ट्रेकचा संग्रह करताय? या चुका टाळा

मूळ ‘स्टार ट्रेक’ ही अवकाशप्रवासाची इंग्रजी मालिका तीनच सीझन चालली. ८ सप्टेंबर १९६६ला अमेरिकेत एनबीसीवर पहिला भाग लागला, ३ जून १९६९ला शेवटचा. एकूण ७९ भाग. रोज एक पाहिला तरी तीन महिन्यांच्या आत मालिका संपते. तरीही कोणी ना कोणी कसला तरी फोटो पाठवून विचारतंच, “काका, हे घेऊ का? ओरिजिनल आहे ना?” मी उलट विचारतो, “किती भाग पाहिलेस?” उत्तर ठरलेलं असतं: “अजून पूर्ण नाही पाहिली, पण रील्स खूप पाहिल्यात.”

सगळं इथेच बिघडतं. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बहुतेक या एका घाईतून येतात. मालिका नीट पाहिलेल्या माणसाला फसवणं अवघड असतं, कारण वस्तू खोटी असली की त्याच्या डोळ्याला ती खटकते. हा डोळा विकत मिळत नाही.

चुकीच्या टोकापासून पाहायला सुरुवात करणं

यादीत पहिला दिसतो म्हणून ‘द मॅन ट्रॅप’ लावायचा, मीठ शोषणारा राक्षस पाहायचा आणि ‘जुनाट आहे’ म्हणून बंद करायचं, असं करणारे खूप भेटतात. तो भाग पहिला दाखवला गेला एवढंच, पहिला बनला नव्हता. सगळ्यात आधी बनला ‘द केज’. त्यात नेहमीच्या कॅप्टन कर्कऐवजी कॅप्टन पाईक होता. एनबीसीने १९६५मध्ये तो नाकारला आणि दुसरा पायलट, म्हणजे वाहिनीला दाखवायचा नमुना भाग, मागवला. विल्यम शॅटनर या नटाचा कर्क त्यात आला, पण हा दुसरा पायलटसुद्धा टीव्हीवर तिसऱ्या क्रमांकाला दाखवला गेला. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, भाग ज्या क्रमाने बनले त्याच क्रमाने पाहा. शर्टांच्या कॉलर बदलताना दिसतात, सुरुवातीला सोनेरी शर्ट घालणारी जहाजावरची अधिकारी उहुरा लाल पोशाखात येते, जहाजाच्या मॉडेलमध्ये बदल होतात. संग्राहकाला पुढे याच खुणा कामाला येतात.

दुसरी गोष्ट, २००६ ते २००८मध्ये मालिकेची नव्याने सफाई झाली, तेव्हा अवकाशातली दृश्यं संगणकावर पुन्हा बनवली गेली. २००९च्या ब्लू-रेवर जुनी आणि नवी, दोन्ही दृश्यं निवडायची सोय आहे. पहिल्यांदा जुनीच निवडा. नवी दृश्यं वाईट नाहीत, पण १९६६मध्ये प्रत्यक्ष मॉडेलवर कॅमेरा फिरवून केलेलं काम पाहिलंच नाही तर तुम्ही संग्रह कशाचा करताय?

सही आणि प्रमाणपत्र

माझा सगळ्यात जास्त वेळ या चुकीवर जातो. ठाण्याच्या एका मुलाने परदेशातल्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून फ्रेम केलेला फोटो मागवला. मालिकेतल्या एंटरप्राइझ जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षात, उभा असलेला सगळा चमू, त्याखाली सात सह्या आणि मागच्या बाजूला चकचकीत होलोग्राम असलेलं प्रमाणपत्र. विक्रेत्याचा दावा होता की फोटो १९६६चा, पहिल्या सीझनचा, आणि सह्या सेटवरच घेतलेल्या. मुलाने जवळजवळ दोन पगार त्यात घातले होते. फ्रेम घेऊन तो माझ्याकडे आला तो कौतुकाने दाखवायलाच.

फोटोत चेकॉव्ह होता. हे पात्र करणारा वॉल्टर कोनिग मालिकेत आला दुसऱ्या सीझनला आणि पडद्यावर दिसला १९६७च्या सप्टेंबरात. १९६६च्या फोटोत तो असणं शक्यच नाही. मग मी शर्टांकडे पाहिलं. पहिल्या दोन सीझनचे शर्ट व्हेलूरचे, म्हणजे लव असलेल्या मखमली कापडाचे. ते धुतले की आटायचे, म्हणून तिसऱ्या सीझनला नायलॉनचं विणलेलं सपाट कापड आलं. या फोटोतलं कापड सपाट होतं. म्हणजे फोटो १९६८च्या आधीचा नाही. भिंग काढायच्या आधीच दावा दोनदा खोटा ठरला होता, आणि दोन्ही वेळा फक्त मालिका पाहिलेली असण्याच्या जोरावर.

भिंग काढलं तेव्हा उरलंसुरलंही गेलं. चेहऱ्यांवर छपाईचे जे बारीक ठिपके दिसत होते, तेच सह्यांच्या रेषांमध्ये दिसत होते. सह्या पेनाने केलेल्याच नव्हत्या, त्या फोटोबरोबर छापल्या होत्या. खरी शाई कागदावर बसलेली दिसते. फोटो उजेडात तिरका धरला की तिची चमक वेगळी उठते आणि रेघ जिथे रेघेला ओलांडते तिथे ती गडद होते. प्रमाणपत्राबद्दल सांगायचं तर जो विकतोय त्यानेच छापलेला कागद पुरावा कसा होईल? विक्रेत्याने परतीची मुदत संपल्याचं कळवून विषय मिटवला.

दहापटीचं भिंग माझ्या बॅगेत कायम असतं. तुम्हीही एक घ्या, महाग नसतं. मालिकेतल्या कलाकारांच्या या तारखाही पाठ करा: डीफॉरेस्ट केली १९९९मध्ये गेले, जेम्स डूहन २००५मध्ये, लेनर्ड निमॉय २०१५मध्ये आणि निशेल निकोल्स २०२२मध्ये. २००९च्या ब्लू-रेच्या वेष्टनावर केलींची सही कोणी विकत असेल तर पुढे काही तपासायची गरज नाही. साठच्या दशकात चाहत्यांच्या पत्रांना उत्तर म्हणून जे फोटो पाठवले जात, त्यांतल्या बऱ्याच सह्या छापलेल्या किंवा सेक्रेटरीने केलेल्या असत. ते फोटो जुने आहेत, त्यांना मोल आहे, पण सहीचं मोल त्यांना देऊ नका.

वस्तू कोणाकोणाच्या हातातून आली हे विचारायला लाजू नका. मालिकेसाठी बनवलेलं एंटरप्राइझचं पहिलं, सुमारे ३३ इंची मॉडेल मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्याकडे असायचं. १९७९च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाच्या सुमारास ते कोणाला तरी वापरायला दिलं आणि गायब झालं. २०२३मध्ये ते ई-बेवर १००० डॉलर सुरुवातीच्या बोलीला दिसलं. चाहत्यांनी फोटो पाहून लगेच ओळखलं, हेरिटेज ऑक्शन्स या लिलावसंस्थेने तपासणी केली आणि २०२४मध्ये ते रॉडनबेरी यांच्या मुलाकडे परत गेलं. चार दशकांनी ती वस्तू घरी गेली, कारण तिचा बारकावा न् बारकावा माहीत असलेली माणसं जिवंत होती आणि पाहत होती.

माळ्यावरची ट्रंक

आपल्याकडच्या हवेत संग्रह टिकवणं हे अमेरिकेतल्या चाहत्यांपेक्षा वेगळं काम आहे. तिकडचे व्हिडिओ पाहून इकडे वस्तू ठेवू नका.

रत्नागिरीकडच्या एका जुन्या संग्राहकांकडे एएमटी कंपनीची प्लास्टिकची मॉडेलं होती. जोडून, हाताने रंगवलेली एंटरप्राइझही त्यात होती. शिवाय व्हीएचएस कॅसेटी आणि टॉप्स कंपनीची १९७६ची कार्डं. ते मुलीकडे राहायला गेले तेव्हा पुतण्याने सगळं लोखंडी ट्रंकेत भरलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, आणि कपड्यांना घालतो तशा मूठमूठ डांबराच्या गोळ्या टाकून ट्रंक माळ्यावर चढवली. काही पावसाळे गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा जहाजाच्या तबकडीला वर्तमानपत्र चिकटलेलं होतं. सोडवलं तर अक्षरं उलटी होऊन प्लास्टिकवर उमटलेली. हाताला पृष्ठभाग चिकट लागत होता. त्या गोळ्यांतल्या नॅप्थॅलीनची वाफ पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक मऊ करते, आणि ही मॉडेलं पॉलिस्टायरीनचीच असतात. रंग गेला असता तर पुन्हा देता आला असता, इथे प्लास्टिकच खाल्लं गेलं होतं.

कॅसेटींवर पांढरी बुरशी होती. त्या चालतात का बघू म्हणून पुतण्याने एक व्हीसीआरमध्ये घातली. बुरशी हेडवर बसली आणि त्यानंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटीही खराब झाल्या. बुरशी आलेली कॅसेट कधीही लावून पाहायची नाही. वेगळ्या पिशवीत बंद करायची आणि टेपची सफाई करून डिजिटल करून देणाऱ्या माणसाकडे न्यायची.

मी काय करतो ते सांगतो. डांबराच्या गोळ्या आणि कापूर संग्रहाच्या कपाटात येऊ देत नाही. घट्ट झाकणाचे पॉलिप्रॉपिलीनचे डबे, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ५०च्या आसपास राहिला पाहिजे. वर्तमानपत्राऐवजी आम्लविरहित कागद. कॅसेटी पूर्ण रिवाइंड करून पुस्तकांसारख्या उभ्या. माळा नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. पावसाळा संपला की प्रत्येक डबा उघडून पाहायचा. यात शॉर्टकट नाही, आणि ‘एकदाच पॅक करून टाकू’ म्हणणाऱ्याने हा छंद घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कार्डं किंवा फोटो लॅमिनेट करू नका. कधीच नाही. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटंही नकोत. खेळण्यांतले सेल काढून ठेवा.

कर्कचा शर्ट पिवळा नव्हता

८ सप्टेंबरच्या चाहत्यांच्या जमावासाठी पोशाख शिवायचा म्हटलं की मंडळी मंगलदास मार्केटमध्ये जाऊन हळदी रंगाची चमचमती मखमल घेऊन येतात. मूळ कापड हिरवट होतं, पोपटीकडे झुकणारं. सेटवरच्या दिव्यांत आणि त्या काळच्या फिल्मवर ते सोनेरी दिसायचं. कर्कचा पुढून गुंडाळायचा दुसरा शर्ट पाहा, तो पडद्यावरही हिरवाच दिसतो. रंग त्याच घराण्यातला ठेवायचा होता, कापड वेगळं असल्याने कॅमेऱ्याने तो वेगळा पकडला. तेव्हा आधी ठरवा, तुम्हाला सेटवरचा शर्ट हवाय की पडद्यावरचा. दोन्ही बरोबर आहेत. हळदी मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. पोशाखकार विल्यम वेअर थाइस यांनी कापडाची लव जिथे वापरली तिथे ती मंद आहे, लग्नातल्या शेरवानीसारखी चमकत नाही.

मॉडेल रंगवणाऱ्यांनाही थोडं सांगायचंय. जहाजावर गडद चौकटीच्या रेषा ओढू नका. चित्रणातलं ११ फुटी मोठं मॉडेल १९७४पासून अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या दुरुस्तीत त्यावर तशा ठळक रेषा रंगवल्या गेल्या आणि चाहते दुखावले. २०१६मध्ये पूर्ण झालेल्या कामात ते सुधारलं. त्या मॉडेलची डावी बाजू अपुरी आहे, कारण दिव्यांच्या तारा तिथून बाहेर काढल्या होत्या आणि चित्रण उजव्या बाजूनेच व्हायचं. डावीकडच्या बारकाव्यांचे ‘ओरिजिनल फोटो’ कोणी विकत असेल तर तिथेच थांबा.

बाकीच्या, थोडक्यात

मेगो कंपनीच्या आठ इंची बाहुल्या घेताना पिस्तूल, पट्टा, ट्रायकॉर्डर (मालिकेतलं हातात धरायचं तपासयंत्र) वेगवेगळे तपासा. बाहुली जुनी आणि सामान नवीन, असा प्रकार फार चालतो.

परदेशातून मागवताना किमतीत कस्टम्स आणि कुरिअरचा खर्च आधी धरा. पार्सल अडकल्यावर रडू नका.

डीव्हीडी घेताना रीजन, म्हणजे ती कुठल्या भागात चालेल त्याचा क्रमांक, पाहा. आपला ५, अमेरिकेचा १.

‘बीम मी अप, स्कॉटी’ हे वाक्य मूळ मालिकेत याच शब्दांत एकदाही येत नाही. टी-शर्टवर हौसेने छापा, पण ‘मूळ संवाद’ म्हणून विकू नका.

पर्सिस खंबाटा आपल्या मुंबईच्या, म्हणून त्यांचे फोटो इथे खूप फिरतात. त्या १९७९च्या चित्रपटात होत्या, मालिकेत नाही. ‘मालिकेतल्या पर्सिस’ असं लिहिलेलं काहीही घेऊ नका.

नव्यांना दारातच परीक्षा घेणं

ही चूक जुन्या मंडळींची, आणि तिचा मला मनापासून राग येतो. जमावाला आलेल्या पोराला ‘ट्रिबलचा (मालिकेतल्या केसाळ प्राण्यांचा) भाग कितवा?’ विचारून गप्प करायचं. मालिका दुसऱ्या सीझननंतर बंद होणार अशी बातमी होती, तेव्हा ब्जो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने चाहत्यांना पत्रं लिहायला लावली. एनबीसीवर पत्रांचा एवढा मारा झाला की १ मार्च १९६८ला भाग संपल्यावर वाहिनीला पडद्यावरून सांगावं लागलं, मालिका चालू राहणार आहे. जानेवारी १९७२मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं मोठं संमेलन भरलं. काहीशे लोक येतील असा आयोजकांचा अंदाज होता, आले तीन हजारांहून जास्त. त्यांतल्या बहुतेकांना भागांचे क्रमांक पाठ असतील असं मला वाटत नाही. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मालिका लागायची तेव्हा आम्हालाही कोणी परीक्षा घेऊन बसवलं नव्हतं.

मी घाईवर रागावतो, नवखेपणावर नाही. घरी कार्यक्रम ठेवणार असाल तर नव्यांसाठी ‘बॅलन्स ऑफ टेरर’ आणि ‘द डेव्हिल इन द डार्क’ लावा. मंडळी बोलकी असतील तर ‘स्पेस सीड’ लावा. त्यातला खान नूनियन सिंग उत्तर भारतातला शीख असल्याचा अंदाज कथेतच बांधला जातो, आणि भूमिका केली आहे मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांनी. आपल्याकडच्या प्रेक्षकांत त्यावर वाद झाल्याशिवाय राहत नाही. तिसऱ्या सीझनचा ‘स्पॉक्स ब्रेन’ पहिल्या बैठकीला लावू नका. एका संध्याकाळी दोनच भाग ठेवा आणि मधे चहाला चांगला अर्धा तास सोडा. कोणी कपाटातल्या वस्तू हातात घेऊन पाहायला मागितल्या तर त्याच वेळी दाखवा, चहाचे कप दुसऱ्या टेबलावर ठेवून.