कुत्र्याला पहिल्यांदा फिट आली तर काय करावं

आमच्या खंड्याला पहिली फिट आली तेव्हा तो चार वर्षांचा होता. कोथरूडचं घर, पहाटेची वेळ. फरशीवर नखं घासल्याचा आवाज आला म्हणून उठले, तर तो कुशीवर पडून, पळत असल्यासारखे चारही पाय हलवत होता. तोंडाला फेस, डोळे उघडे पण ओळख नाही, अंगाखाली लघवी. गडबड ऐकून शेजारच्या आजी आल्या. "अगं, कांदा फोड आणि नाकाशी धर," म्हणाल्या. मी धरलाही. फिट थांबली ती तिच्या वेळेनेच. कांद्याने, चपलेच्या वासाने ती थांबत नाही. त्या नादात आपला हात मात्र त्याच्या जबड्याजवळ जातो.

आधी घड्याळ बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत ओसरतात. 5 मिनिटांच्या पुढे गेली तर जिवाला धोका असतो, म्हणून सुरू झाल्याची वेळ माहीत हवीच.

तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालू नका. कुत्रा जीभ गिळत नाही. जबडा आवळला जातो आणि जीव लावलेला कुत्राही नकळत कडकडून चावतो.

आजूबाजूची जागा मोकळी करा. खुर्ची, टीपॉय सरकवा. जवळ जिना असेल तर मध्ये उशा लावा. डोकं आपटत असेल तर मागच्या बाजूने हळूच घडी केलेला टॉवेल सरकवा. दाबून धरू नका, गदागदा हलवू नका. टीव्ही आणि दिवे बंद, पंखा चालू. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला वेगळ्या खोलीत न्या, कारण तो बिथरून अंगावर जाऊ शकतो. कोणी मोकळं असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना आपल्या वर्णनापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

फिट लांबली की अंग तापतं. अशा वेळी नळाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं पंजांवर आणि पोटावर फिरवा. बर्फ नको.

फिट थांबल्यावर खंड्या अर्धा तास डायनिंग टेबलाभोवती फिरत होता. दोनदा भिंतीवर आदळला आणि माझ्यावर गुरगुरलाही. मला त्याचं फार लागलं होतं. पण तेव्हा त्याला धड दिसत नव्हतं, मी कोण हेही कळत नव्हतं. ही अवस्था काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत राहते, कधी दिवसभरही. कुत्रा नीट चालायला लागेपर्यंत खायला-प्यायला देऊ नका, मग भुकेने कितीही मागे लागू दे.

ताबडतोब दवाखाना केव्हा? फिट 5 मिनिटांहून लांबली, शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, 24 तासांत दोन किंवा जास्त आल्या, पिल्लू असेल, कुत्री पाजती असेल, उंदराचं औषध, चॉकलेट किंवा शुगर-फ्री च्युइंगगम पोटात गेल्याची शंका असेल, तर थांबू नका. चादरीची झोळी करून उचला. यातलं काहीच नसेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा. रात्री कुठला प्राण्यांचा दवाखाना उघडा असतो ते आजच विचारून ठेवा. पेठांत राहत असाल तर विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद असताना कुठून बाहेर पडायचं, तेही.

डॉक्टर बहुधा रक्तातली साखर, कॅल्शियम, लिव्हर, किडनी तपासतात. पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली आणि तपासण्या नॉर्मल निघाल्या, तर बऱ्याचदा तो अपस्मार असतो. लस न दिलेल्या पिल्लात डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्यांच्या एका विषाणूजन्य आजाराची, शंका घेतात. आपल्या कुत्र्याला अनोळखी कुत्रा चावला असेल तर आवर्जून सांगा, रेबीजचा विचार करावा लागतो. अशा वेळी आपल्या कुत्र्याच्या लाळेला उघडा हात लावू नका.

एकाच फिटनंतर रोजच्या गोळ्या सुरू करतातच असं नाही. सुरू झाल्या तर वेळ चुकवू नका आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केल्याने मोठी फिट येऊ शकते. फेनोबार्बिटोन या फिटवरच्या औषधाने सुरुवातीला झोप, तहान, भूक वाढते. आम्ही आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की नवीन आणतो. प्रत्येक फिट स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहितो: किती वाजता, किती मिनिटं, आधी काय खाल्लं होतं. डॉक्टरांकडे जाताना त्या पानाचा फोटो काढून नेतो.