जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी

पीयूसीत आकडे वाढले, पेट्रोलही जास्त पितेय, म्हणून लगेच महागडा ऑक्सिजन सेन्सर (धुराच्या नळीत बसून ऑक्सिजन मोजणारा भाग) आणू नका. आधी बॉनेट उघडा. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्यात इंजिनची धग. रबरी व्हॅक्यूम नळ्या (इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणाऱ्या) वाळून चिरतात, बहुतेकदा टोकाशी. चिरेतून जादा हवा शिरते आणि दोष सेन्सरचा वाटतो. बोटांनी वाकवून पाहा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साठलेले वायू परत जाळायला पाठवणारी झडप) काढून कानाशी हलवा, साधा स्प्रिंगचा असेल तर खुळखुळायला हवा. नाही वाजला तर बदला; स्वस्तातला भाग आहे.

सेन्सरच खराब निघाला, तर घाई नडते. त्याच्या गंजलेल्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटंच चालवा, बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग जाड हातमोजे घालून २२ नंबरचा पाना लावा. वायरला वाट देणारा, खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तमच. नवा सेन्सर आधी हातानेच फिरवा. टोकाला तेल, ग्रीस, बोट काहीही लागता कामा नये. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. आणि हे काम सकाळी सातच्या आत उरका, नंतर फरशीही भाजते.