गालिच्यावरचा कॉफीचा डाग

लोकरी गालिच्यावर कॉफी सांडली आणि मी आधी खसाखसा घासलं. डाग आणखी पसरला. मग घरातल्या डाग काढायच्या दोन बाटल्यांची लेबलं वाचली. (आधी वाचायला हवी होती!) एन्झाइमवालं, म्हणजे प्रथिनं तोडणारं द्रावण रक्त, दूध, अंडं असल्या प्रथिनांच्या डागांवर उत्तम, पण लोकर आणि रेशीम हीसुद्धा प्रथिनंच, म्हणून ते बाद. दुसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड. सोफ्याखालच्या कोपऱ्यात थेंबभर लावून पाहिलं, तर रंगच फिकटला. तेही बाद.

शेवटी कोमट पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि पांढरं फडकं. कडेकडून मध्याकडे नुसतं टिपत राहिले, तासाभरात डाग गेला. नंतर साध्या पाण्याने साबणही टिपून काढला, नाहीतर तिथेच धूळ चिकटते.