लहान टर्बो पेट्रोल इंजिनाचे ट्यूनिंग: मुंबईच्या उष्म्यात शक्ती आणि मायलेज एकत्र साधण्यासाठी

हजार ते बाराशे सीसीचे टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेले पेट्रोल इंजिन आज मुंबईच्या रस्त्यांवर सर्रास दिसते. फोक्सवॅगन-स्कोडाचे ९९९ सीसीचे टीएसआय असो, ह्युंदाईचे ९९८ सीसीचे जीडीआय असो किंवा टाटाचे ११९९ सीसीचे रेव्होट्रॉन, कंपनीने प्रत्येकात थोडी शक्ती हातची राखलेली असते, कारण तीच गाडी लडाखच्या थंडीत, राजस्थानच्या उन्हात आणि सुमार पेट्रोलवरही बिनतक्रार चालावी लागते. रिमॅप करणारा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे (इसीयू) सॉफ्टवेअर बदलणारा, ही राखीव शक्तीच मोकळी करतो. मात्र ती मोकळी करण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी, ती म्हणजे अशा इंजिनात शक्ती आणि मायलेज या दोहोंचा शत्रू एकच आहे आणि तो म्हणजे उष्णता.

सिलिंडरमध्ये जाणारी हवा तापली की मिश्रण वेळेआधी आपोआप पेट घेऊ लागते, म्हणजेच नॉकिंग होते. नॉक सेन्सरने ते टिपताच इसीयू ठिणगीची वेळ मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, त्यामुळे त्याच पेट्रोलातून कमी काम मिळते आणि उरलेली उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. मग टर्बो आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू नयेत म्हणून इसीयू जास्तीचे पेट्रोल सोडून तापमान खाली आणतो. गाडीचा पिकअपही जातो आणि टाकीही लवकर रिकामी होते. म्हणूनच बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी आणि हवा थंड ठेवण्याचा विचार सर्वांत आधी करावा, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात मोजमापाने करावी. ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या निदानासाठी दिलेल्या जोडणीत) बसणारा साधा ब्लूटूथ रीडर आणि मोबाइलवरील ॲप एवढ्यावर इनटेक हवेचे तापमान, ठिणगीचा ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते), इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डचा दाब आणि फ्युएल ट्रिम (इसीयूने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली टक्केवारीतील दुरुस्ती) या नोंदी मिळतात. एक नोंद अटल सेतूवर वेगमर्यादेच्या आत, एकसारख्या वेगात घ्यावी आणि दुसरी मे महिन्यातील दुपारी, सायनच्या कोंडीत रांगत असताना घ्यावी. मोबाइल हाताळण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की फरक ठळकपणे दिसतो: कोंडीत इनटेकचे तापमान हळूहळू साठ अंशांच्या आसपास चढते, आणि रस्ता मोकळा होताच तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला तरी पहिले काही क्षण ॲडव्हान्सचा आकडा खालीच अडकून राहतो. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते, पण त्याहून मोठे नुकसान ठिणगी मागे सरकण्याने होते. लाँग टर्म ट्रिम, म्हणजे दीर्घकाळ टिकलेली दुरुस्ती, दहा टक्क्यांपेक्षा जास्त अधिक किंवा उणे दिसत असेल, तर आधी दोष शोधावा. तशा गाडीचा रिमॅप करूच नये.

दोष बहुधा साध्या जागी सापडतो. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा भाग) आणि तिथून थ्रॉटलपर्यंत जाणाऱ्या रबरी पाइपांचे जोड निरखून पाहावेत. क्लॅम्पच्या कडेला ऑइलची बारीक ओली रेघ दिसली आणि तिच्यावर काळी धूळ चिकटलेली असली, तर तिथून बूस्ट गळतो आहे असे समजावे. गळती असली की अपेक्षित दाब गाठण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते आणि हवा आणखी तापते. इंटरकूलर हवेने थंड होणारा असेल तर पुढच्या जाळीतून त्याच्या पात्यांमध्ये अडकलेला चिखल आणि कचरा कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. टीएसआयसारखा पाण्याने थंड होणारा असेल, तर त्याच्या स्वतंत्र सर्किटमधील कूलंटची पातळी आणि विजेवर चालणारा छोटा पंप तपासून घ्यावा, कारण तो पंप बंद पडला तरी इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलत नाही.

स्पार्क प्लग काढून पाहणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलके निदान आहे. भिंगाखाली पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे किंवा चकाकणारे ठिपके दिसले, तर नॉकिंग झालेले आहे. ते चकाकणारे कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असू शकतात. रिमॅपसाठी एक श्रेणी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारे, इरिडियम प्लग घ्यावेत आणि गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवावी, मात्र गॅप बदलताना मधल्या नाजूक टोकाला गेज लावू नये, केवळ वरची पट्टी वाकवावी.

ऑइलच्या बाबतीत तडजोड करू नये. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या, टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त भार एकत्र आले की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि एका झटक्यात पिस्टनची रिंग तुटू शकते. हा धोका लक्षात घेऊन तयार केलेली ऑइलच्या दर्जाची एपीआय एसपी श्रेणी २०२० मध्ये आली, म्हणून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडमध्ये ती किंवा तिच्यानंतरची श्रेणी घ्यावी. मुंबईतील रहदारी ही खडतर वापरातच मोडते, तेव्हा मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी दिलेली कमी किलोमीटरची मुदत पाळावी.

आता पेट्रोल. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मधील इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता, वाढते, पण प्रतिलिटर ऊर्जा साधारण सहा-सात टक्क्यांनी घटते आणि आदर्श हवा-इंधन प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. याचा अर्थ ट्यूनरने लॅम्डाच्या (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे त्या आकड्याच्या) भाषेतच काम करायला हवे. जास्त ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलचा मूळ इसीयूवर फायदा मर्यादित असतो. त्यासाठी लिहिलेल्या मॅपवर मात्र तो खरा मिळतो. एकदा तसा मॅप घेतला की नेहमी तेच पेट्रोल भरावे लागेल, हे खर्चाच्या हिशेबात आधीच धरावे.

रिमॅप करून घेताना कमाल हॉर्सपॉवरच्या आकड्याकडे पाहू नये. केवळ सॉफ्टवेअरने साधारण पंधरा ते पंचवीस टक्के टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) वाढतो. शहरात उपयोगाचा टॉर्क दोन ते साडेतीन हजार आरपीएममधला असतो, कारण तो भरभक्कम असला की चालक वरच्या गिअरमध्ये लवकर जातो आणि इंधन तिथेच वाचते. दोन हजारांच्या खाली मात्र कंपनीचीच टॉर्क मर्यादा ठेवायला सांगावी, कारण ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा वर सांगितलेला धोका तिथेच दबा धरून असतो. इनटेक तापले की बूस्ट कमी करणारी आणि नॉक होताच ठिणगी मागे घेणारी मूळ संरक्षणे काढलेली नाहीत, हे लेखी घ्यावे. पूर्ण थ्रॉटलची चाचणी डायनोवरच (गाडी जागीच चालवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) घ्यावी, ती सार्वजनिक रस्त्यावर करू नये. एक रिमॅप मायलेज चार-पाच किलोमीटरने वाढवेल असे सांगणाऱ्याकडे जाऊच नये, कारण साध्या वेगात मूळ इसीयूसुद्धा मिश्रण आदर्श प्रमाणातच ठेवतो.

काही बदल मुंबईत मुळीच करू नयेत. बंपरच्या खाली उतरलेला कोल्ड एअर इनटेक दिसायला छान असतो, पण हिंदमाता किंवा मिलन सबवेत पाणी साचले की तोच पाणी ओढतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. बॉनेटखालच्या उघड्या कोन फिल्टरमध्ये तर तापलेलीच हवा शिरते. कंपनीचा बंद डबा आणि स्वच्छ कागदी फिल्टर त्याहून बरा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे बेकायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. विमा कंपनीला रिमॅपची माहिती द्यावी आणि वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो हे गृहीत धरावे.

परिणाम मोजताना डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नये. त्याच पंपावर, त्याच नोझलने पहिल्या ऑटो कटपर्यंत टाकी भरावी, टायरचा दाब आणि एसीचा वापर सारखा ठेवावा आणि निदान तीन-चार टाक्यांची सरासरी आधीच्या तितक्याच टाक्यांशी ताडून पाहावी. भर पावसातील आणि मे महिन्यातील टाक्यांची तुलना करू नये. बोरघाट चढून लोणावळ्याला थांबताना इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवावे. शहरातल्या संथ रहदारीनंतर त्याची गरज नसते. मूळ इसीयू फाइलची प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी देताना सॉफ्टवेअर अपडेट करू नये असे जॉब कार्डवर लिहून घ्यावे, कारण अपडेट झाला की रिमॅप पुसला जातो.